अंदमान, पण बेतानं

ताई नाशिकच्या. वय ४९, एका प्राथमिक शाळेच्या कार्यालयात लिपिक. फायब्रोमायल्जियाचं, म्हणजे अंगभर पसरलेल्या जुनाट दुखण्याचं, निदान होऊन सहा वर्षं झाली. त्याआधीची चार वर्षं हाडांचे डॉक्टर, व्हिटॅमिन डी, थायरॉइडच्या तपासण्या आणि 'एवढं मनावर घेऊ नका' यात गेली. माझ्याकडे फिजिओथेरपीला येतात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. दुखण्याची आणि प्रवासाची हकीकत मात्र आहे तशीच आहे.

यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत. एलटीसी, म्हणजे प्रवासाची सरकारी सवलत, वाया जाऊ द्यायची नाही, हा घरातला जुना नियम. या वेळी अंदमान ठरलं होतं. मराठी घरात अंदमान म्हणजे आधी सेल्युलर जेल, समुद्र नंतर. ताईंच्या वडिलांची सावरकरांची कोठडी बघायची इच्छा राहून गेली होती, त्यामुळे ताईंना ती बघायचीच होती. सोबत लेक, दीर, जाऊबाई आणि कॉलेजात जाणारा पुतण्या. टूरवाल्यांनी दिलेला सहा रात्री-सात दिवसांचा रंगीत कागद माझ्या टेबलावर ठेवून यजमान म्हणाले, "डॉक्टर, हिला हे झेपेल का, तेवढं सांगा. माझ्या आईनं सत्तरीत वैष्णोदेवी केली हो."

ताई काही बोलल्या नाहीत. कागदाच्या कडेला घड्या घालत बसल्या होत्या.

हो किंवा नाही सांगण्याजोगा तो प्रश्नच नव्हता. त्या कागदावरचं अंदमान ताईंना झेपणारं नव्हतं. पण अंदमान झेपणार नाही, असं म्हणायलाही काही आधार नव्हता.

आधी दुखणं

फायब्रोमायल्जियात एक्स-रे, एमआरआय, रक्ताच्या तपासण्या, सगळं जवळपास स्वच्छ येतं. स्नायू-सांध्यांत झीज नसते. वेदनेचे संदेश मेंदू आणि मज्जारज्जू वाजवीपेक्षा मोठे करून घेतात. १९९० च्या निकषांत शरीरावरच्या १८ ठरावीक जागा दाबून किमान ११ ठिकाणी दुखतं का, ते बघत. २०१० पासून दुखणं किती भागांत पसरलंय, झोपून उठल्यावर ताजंतवानं वाटतं का, थकवा किती, डोकं चालतं का, यावर भर आला. माणूस बाहेरून धडधाकट दिसतो. प्रवासात याचाच जास्त जाच होतो, कारण रांगेत कोणी पुढे सोडत नाही आणि घरचेही तिसऱ्या दिवशी विसरतात.

ताईंची औषधं: सकाळी ड्युलोक्सेटिन ३० मिलिग्रॅम, रात्री प्रेगाबालिन ७५. आठवड्यातून पाच दिवस चालणं. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ साली या आजारासाठी ज्या शिफारशी केल्या, त्यांत ठामपणे सांगितलेली गोष्ट एकच होती, व्यायाम. इथे एक खबरदारी सांगून ठेवते. दीर्घ थकव्याचा दुसरा आजार आहे, एमई किंवा सीएफएस नावाचा. त्यात थोड्याशा श्रमानंतर, कधी दिवसभरानं तर कधी दोन दिवसांनी, माणूस पार कोलमडतो आणि ते आठवडेच्या आठवडे चालतं. तिथे 'हळूहळू व्यायाम वाढवा' हा सल्ला घात करतो. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २०२१ मध्ये तसा व्यायामक्रम शिफारशींतून काढूनच टाकला. म्हणून प्रवासाआधी ताकद वाढवण्याचा विचार करताना आपल्याला नेमकं काय झालंय, हे डॉक्टरांकडून पक्कं करून घ्यावं. ताईंच्या बाबतीत ते झालेलं होतं.

मी त्यांना दोन आठवड्यांची वही ठेवायला सांगितली. काय दुखलं, हे त्यात लिहायचं नव्हतं. वाईट दिवसाच्या आधीच्या दोन दिवसांत काय काय झालं होतं, ते लिहायचं. आजार जुना असला की माणसाला आपल्या दुखण्याबद्दल ठाम मतं असतात, आणि त्यातली निम्मी वहीपुढे टिकत नाहीत. ताईंचं मत होतं, 'मला चालणं सोसत नाही.' वहीनं सांगितलं की वीस-पंचवीस मिनिटं सपाटीवर चालून त्यांना काही होत नाही. पण रेशनच्या नाहीतर बँकेच्या रांगेत दहा मिनिटं उभं राहिलं की मांड्या आणि कंबर भरून येते. झोप सहा तासांच्या खाली गेली तर फटका दुसऱ्या दिवशी बसत नाही, तिसऱ्या दिवशी बसतो. सकाळी उठल्यावर दीड-दोन तास अंग आखडलेलं. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. हातात पिशवी नसेल तर जिना सहज, पिशवी असेल तर किंवा संध्याकाळी सहानंतर तोच जिना डोंगर.

एवढ्या माहितीवर सहल आखता येते.

बदल्या मोजणं

टूरचा कागद असा होता. पहिल्या दिवशी पहाटेच्या विमानानं मुंबई सोडायची, म्हणजे नाशिकहून मध्यरात्रीच्या आधी निघायचं. दुपारी पोर्ट ब्लेअर, हॉटेलात बॅगा टाकून सेल्युलर जेल आणि रात्री तिथलाच प्रकाश-ध्वनी कार्यक्रम. (शहराचं नाव सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम झालंय, पण टूरवाले, टॅक्सीवाले आणि आपण सगळे अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतो.) दुसऱ्या दिवशी पहाटे तीनला बाराटांग. तिसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीबोटीनं हॅवलॉक बेट आणि दुपारी राधानगर किनारा. चौथ्या दिवशी एलिफंट बीच उरकून दुपारी नील बेट. पाचव्या दिवशी नील 'पूर्ण'. सहाव्या दिवशी परत पोर्ट ब्लेअर, रॉस बेट, नॉर्थ बे, खरेदी. सातव्या दिवशी विमान.

यातली ठिकाणं बघून सगळे विचारतात, 'हॅवलॉकला किती चालावं लागतं?' मी ताईंना ठिकाणं झाकून मधल्या रेघा मोजायला सांगितल्या. एक जागा सोडून दुसऱ्या जागी टेकेपर्यंत जे जे होतं ते सगळं एकत्र धरायचं: बॅग भरणं, जिना उतरणं, गाडी, रांग, सामानाची तपासणी, उभं राहणं, चढणं, पुन्हा बसणं. यजमान म्हणाले, "म्हणजे बदल्या मोजायच्या." सरकारी माणसाला बदली किती महाग पडते हे वेगळं सांगावं लागत नाही. तोच शब्द आम्ही ठेवला.

एकट्या बाराटांगच्या दिवसातच आठ बदल्या निघाल्या. जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जाणारा रस्ता ठरावीक वेळांनाच उघडतो. जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांचा ताफा जमतो आणि पोलिसांच्या देखरेखीत सुटतो. पहिला ताफा गाठायचा म्हणून मध्यरात्रीनंतर उठायचं. पुढे खडबडीत रस्ता, मिडल स्ट्रेटला गाडीसकट बार्ज, मग खारफुटीतून स्पीड बोट, मग उन्हातून चुनखडीच्या गुहांपर्यंत पायी, आणि हेच सगळं उलट. आदल्या रात्री प्रवासामुळे झोप नाही, या रात्री ताफ्यामुळे नाही. ताईंच्या वहीप्रमाणे त्याचं बिल तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणार, म्हणजे नेमकं हॅवलॉकला. एरवी लोक परत येऊन सांगतात, 'समुद्राची हवा बाधली.' बाधलेली असते ती दोन दिवसांपूर्वीची जाग.

सगळ्या कागदाच्या बदल्या तिसाच्या वर गेल्या. हॉटेलं चार.

माझं म्हणणं एवढंच होतं. दुखणं असलेल्या माणसाची सहल आखताना ठिकाणं कापण्याआधी बदल्या कापाव्यात. दिवस वाढवूनही बदल्या कमी करता येतात. ठिकाणं मग आपोआप दोन-तीन गळतात, पण जी उरतात ती नीट बघून होतात.

घरातली बैठक

खरी अडचण घरातच होती. दुसऱ्या भेटीला दीर आणि जाऊबाईही आल्या. मी नील आणि बाराटांग दोन्हींवर काट मारलेली बघून दीर म्हणाले, "एवढे पैसे खर्च करून जायचं आणि नील सोडून यायचं? परत थोडंच कोण जातंय तिकडे?"

ताई लगेच म्हणाल्या, "माझ्यामुळे कोणी काही सोडू नका. मी हॉटेलात थांबेन." हे वाक्य मी इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलंय की त्याचा पुढचा भागही मला पाठ आहे: प्रत्यक्षात त्या थांबत नाहीत, फरफटत जातात.

तेवढ्यात जाऊबाई म्हणाल्या, "मला पण गुडघ्यांमुळे नीलच्या त्या खडकांवर जायचं नव्हतंच. पण तुमच्यापुढे बोलणार कोण?" नीलवरचा तो नैसर्गिक दगडी पूल बघायला ओहोटीच्या वेळी ओबडधोबड, शेवाळलेल्या प्रवाळखडकांवरून चालत जावं लागतं. गुडघे बरे असणाऱ्यांचीही तिथे तारांबळ उडते. एकदम दोन मतं फिरली. पुतण्याला खरं तर फक्त बाराटांग हवं होतं, तेही जंगलासाठी. मग असं ठरलं की बाराटांगला बाप-लेक दोघंच जातील, आणि तेही शेवटच्या टप्प्यात, इतर सगळे झोपलेले असताना. नील सगळ्यांनीच सोडलं.

आजारी माणसाच्या निमित्तानं बेत बदलला की बाकीच्यांच्या लपवलेल्या अडचणीही बाहेर येतात, हा माझा नेहमीचा अनुभव. त्यामुळे बैठक घ्यावीच, आणि घरी न घेता तिसऱ्या माणसाच्या टेबलावर घ्यावी.

नवा आराखडा

महिना फेब्रुवारी ठरवला. दिवाळीची सुट्टी सगळ्यांना सोयीची, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिकडे ईशान्य मोसमी पावसाचे दिवस. मेमध्ये उकाडा आणि नैर्ऋत्य पावसाची सुरुवात. जानेवारी ते मार्च समुद्र त्यातल्या त्यात शांत. शाळेत दोन अर्ज आणि एक बोलणं खाऊन ताईंनी रजा मिळवली.

निघायचं आदल्या दुपारी, मुक्काम ठाण्याला नणंदेकडे. विमान चेन्नईमार्गे, दुपारच्या सुमाराला पोहोचणारं. त्या दिवशी हॉटेल सोडून काही नाही. दुसऱ्या दिवशी दहानंतर सेल्युलर जेल, एवढंच. प्रकाश-ध्वनी कार्यक्रम त्यातून काढून परतीच्या मुक्कामात टाकला. एकच जागा दोन वेगवेगळ्या दिवशी बघायला काही हरकत नसते, हे टूरवाल्यांना पटवायला वेळ लागला. तिसऱ्या दिवशी उशिराच्या फेरीनं हॅवलॉक आणि तिथे सलग तीन रात्री एकाच हॉटेलात, तळमजल्याची खोली. त्यातला पहिला पूर्ण दिवस कोरा. मग परत पोर्ट ब्लेअर, दोन रात्री, आणि घर. बदल्या सोळा.

कोऱ्या दिवसावरून यजमानांशी बरीच घासाघीस झाली. "थकली तर विश्रांती घेऊ की. आधीच दिवस कशाला घालवायचा?" पण विश्रांती थकव्याची वाट बघत बसली तर ती विश्रांती राहत नाही, आजारपण होतं. 'आज बरं वाटतंय तर सगळं उरकून घेऊ' आणि मग तीन दिवस अंथरूण, हे चक्र ताईंनी घरी पुष्कळदा भोगलं होतं. शिवाय बेटावरच्या बोटी समुद्राच्या आणि हवामानाच्या मर्जीवर चालतात; कोरा दिवस तिथेही कामाला येतो. तो कामाला आलाही, पण ते पुढे.

अंदमानचं घड्याळही लक्षात घ्यावं लागतं. बेटं इतकी पूर्वेला आहेत की भारतीय प्रमाणवेळेनं फेब्रुवारीत संध्याकाळी साडेपाचच्या आसपास सूर्य मावळतो, आणि पहाट आपल्यापेक्षा फार लवकर होते. म्हणून तिथलं सगळं पर्यटन पहाटे सुरू होतं. आखडलेल्या सकाळीवाल्या माणसाला हे मारक. पण दुसऱ्या बाजूनं सात वाजता जेवण आणि नऊला झोप, याला तिथे कोणी नावं ठेवत नाही. ताईंना घरी साडेदहाआधी अंथरूण मिळत नाही. सीरियल, डबे, भांडी. इथे ते आपसूक साधणार होतं.

खुर्ची आणि गोळ्या

विमान कंपनीला किमान ४८ तास आधी कळवलं की विमानतळावर व्हीलचेअर मिळते. मी ती मागायला सांगितल्यावर ताईंचा चेहरा उतरला.

"चालता येतंय ना मला. मग खुर्चीत बसून लोकांपुढे नाटक कशाला?"

"चालायला खुर्ची नकोच आहे," मी म्हटलं. "सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभं राहायला हवी आहे. ते झालं की उठा आणि दुकानं बघत हिंडा."

"आणि कोणी म्हटलं की ही बाई तर उठून चालली?"

"तर म्हणू दे. तो तुमच्याबरोबर हॅवलॉकला येणार नाहीये."

डॉक्टरांचं एका ओळीचं पत्र जवळ ठेवल्यावर त्यांना धीर आला: निदान काय, आणि 'फार वेळ उभं राहता येत नाही.' कोणी ते बघितलं नाही. तरी ते असावं.

गोळ्यांचं मात्र बारकाईनं बघितलं. ड्युलोक्सेटिन एक-दोन दिवस चुकलं तर काहींना चक्कर, मळमळ, डोक्यात झटके बसल्यासारखं होतं. बोटीवर ते झालं की सगळे 'बोट लागली' म्हणून मोकळे होतात आणि खरं कारण बॅगेत राहतं. त्यामुळे गोळ्या दोन भागांत, एक भाग ताईंच्या पर्समध्ये आणि एक लेकीच्या, दोन्हींत चिठ्ठीची प्रत, आणि चार दिवसांच्या जास्तीच्या. हॅवलॉकला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, मोठं काही झालं तर पोर्ट ब्लेअर गाठावं लागतं. नेहमीची गोळी तिथे मिळेलच, हे गृहीत धरू नये.

बोट लागू नये म्हणून लोक सर्रास अ‍ॅव्होमिन घेतात. त्यातलं प्रोमेथाझिन गुंगी आणतं आणि प्रेगाबालिनही आणतं. त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की घ्यायचीच असेल तर आधी एका रविवारी घरी अर्धी घेऊन बघा. ताई त्या रविवारी दुपारी दोनला उठल्या. गोळीचा नाद सोडून आलेपाकाच्या वड्या घेतल्या, आणि बोटीत खालच्या मजल्यावर मधल्या भागातली जागा मागून घ्यायची ठरलं, कारण तिथे हेलकावे कमी लागतात. खासगी फेऱ्या बंदिस्त आणि वातानुकूलित असतात, म्हणून मानेभोवती गुंडाळायला सुती ओढणी.

जिना

सेल्युलर जेलचं बांधकाम १८९६ ते १९०६ या काळातलं. मधल्या मनोऱ्यातून निघणारे सात पंख होते, आता तीन उरलेत. ४ जुलै १९११ रोजी सावरकरांना इथे आणलं. त्यांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर, ओळीच्या टोकाला. म्हणजे दोन मजले चढायचे, मग कोठड्यांसमोरच्या लांब व्हरांड्यातून शेवटपर्यंत चालत जायचं.

दोन मजले म्हणजे ताईंचा घरचाच जिना. निघायच्या आधी दीड महिना आम्ही तोच वापरला: हात मोकळे, सकाळी दहाच्या पुढे, प्रत्येक वळणावर थांबायचं. दम लागल्यावर थांबायचं नाही, लागायच्या आधी. उतरण्याचा सरावही तितकाच, किंबहुना जास्त. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असताना भार पेलतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचा ठणका मुख्यतः त्यातून येतो. चढण्याची सगळ्यांना धास्ती, उतरण्याकडे कोणाचं लक्ष नाही.

प्रत्यक्षात त्या चढल्या, दोन ठिकाणी पायरीवरच टेकल्या, गाइडचा घोळका पुढे जाऊ दिला. वर कोठडीत वडिलांच्या नावानं हात जोडले, आणि मग लेकीला म्हणाल्या की खोली आपल्या स्वयंपाकघरापेक्षा मोठी दिसतेय, पण दार लावल्यावर काय होत असेल. हे मला लेकीनं सांगितलं. खाली उतरताना मात्र घोळका मागून आला, आणि बाजूला व्हायचं सोडून त्या घाईनं उतरल्या.

कोरा दिवस

त्याच संध्याकाळी निरोप आला की उद्याची फेरी सकाळच्या वेळेला हलवली आहे. साडेचारला उठणं आलं. अंग आखडलेलं, जेटीवर सामान तपासणीची रांग, रांगेत उभं राहणं पंचवीस मिनिटं. खुर्ची विमानतळावर मागितली होती, जेटीवर कोणी विचारलं नव्हतं. शेवटी पुतण्यानं बॅग आडवी टाकून ताईंना तिच्यावर बसवलं आणि रांग सरकेल तसतसा बॅगेसकट पुढे ढकलत नेलं. बोटीत चढायची फळी भरती-ओहोटीप्रमाणे वरखाली होते. तिथले लोक दंडाला धरून चढवतात, त्यांना फक्त आधी सांगायचं की हात ओढू नका, कोपराखाली आधार द्या. ताईंनी सांगितलं. दीड तासात हॅवलॉक. आलेपाक पुरला.

दुसरा दिवस कोरा होता आणि वाईट दिवस नेमका त्यावर येऊन बसला. दहापैकी सात दुखणं, डोकं बधिर, कप उचलायला नको. ताई म्हणतात एसीमुळे. मी म्हणते उतरलेला जिना, साडेचारची जाग आणि रांग, तिन्ही मिळून. आमचं यावर एकमत व्हायचं राहिलंय.

अशा दिवसासाठी आम्ही निघायच्या आधी एक कागद लिहून ठेवला होता, ताईंच्याच अक्षरात, कारण डोकं बधिर असताना निर्णय घेता येत नाहीत. गरम पाण्याची आंघोळ. तासा-दीड तासानं उठून खोलीतल्या खोलीत पाच मिनिटं चालायचं, पूर्ण दिवस पडून राहायचं नाही. जास्तीची गोळी डॉक्टरांनी लिहिलेली तेवढीच. फोन बंद. आणि शेवटची ओळ: 'माझ्याजवळ दिवसभर कोणी थांबायचं नाही. दुपारी एकदा डोकावा.' या शेवटच्या ओळीवरून निघण्याआधी लेक रडली होती. त्या दिवशी तिनं कागद वाचला, तोंड वाकडं केलं आणि बाकीच्यांबरोबर एलिफंट बीचला गेली. तिथे जायला स्पीड बोट लाटांवर आपटत जाते नाहीतर जंगलातून पायवाट. ताई तशाही जाणार नव्हत्या. दुपारी परत आल्यावर लेकीला आई व्हरांड्यात खुर्चीवर भात-वरण खाताना दिसली.

हाच दिवस टूरच्या कागदाप्रमाणे गेला असता तर दुपारी त्या नीलच्या बोटीत असत्या.

राधानगर

पुढच्या दिवशी दुपारी साडेतीनला राधानगर. वाहनतळापासून मोठ्या झाडांच्या सावलीतून किनाऱ्याकडे वाट जाते. पहिल्या पट्ट्यात कोरडी, भुसभुशीत वाळू. तिच्यात पाय रुततो, घोटा वळतो, प्रत्येक पावलाला पोटरी दुप्पट काम करते. ताईंना आधीच सांगितलं होतं की हा पट्टा सरळ, कमीत कमी पावलांत ओलांडायचा आणि पाण्याजवळच्या ओल्या, दबलेल्या वाळूवर चालायचं. चपला हातात नाही घ्यायच्या. मागे पट्टा असलेल्या सँडल पायातच. लाट परत गेल्यावर जो चकचकीत पट्टा उरतो, त्याच्या जरा वरच्या अंगाला जमीन सगळ्यात पक्की असते. तिथून त्या आधी एका दिशेला आणि मग तेवढ्याच परत चालल्या. एकाच बाजूला चालत राहिलं तर किनाऱ्याच्या उतारामुळे कमरेची एक बाजू सतत खाली राहते.

मग पाणी. कमरेएवढ्या पाण्यात अंगाचा भार साधारण निम्मा होतो, छातीपर्यंत गेलं की आणखी कमी. अंदमानचं पाणी २७-२८ अंशांच्या घरात, अंगाला गारठा आणत नाही. आमच्याकडे कोमट पाण्याच्या टाकीत जे व्यायाम करवतात, त्यासाठी नाशिकमध्ये दोन बस बदलाव्या लागतात. इथे ते खोलीपासून गाडीनं थोड्या अंतरावर. जीवरक्षकांनी आखलेल्या भागातच जायचं, हे बजावलं होतं, कारण या बेटांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि पाट्या उगाच लावलेल्या नसतात. पोहता न येणाऱ्या ताई लेकीचा हात धरून गुडघे वाकवून पाण्यात नुसत्या बसल्या. दहा मिनिटं म्हणून गेल्या, यजमानांनी हाका मारल्यावर बाहेर आल्या. मान दुखत नव्हती. बाहेर येताना पुन्हा अंगाचा सगळा भार पायांवर येतो आणि माणूस लडबडतो, म्हणून उथळ पाण्यात मिनिटभर थांबून मग निघायचं. तेवढं त्यांनी लक्षात ठेवलं.

पुढल्या परतीच्या मुक्कामात प्रकाश-ध्वनी कार्यक्रम, हवेची उशी घेऊन. दुसऱ्या दिवशी बाप-लेक बाराटांगला, बाकीचे रॉस बेटावर. तिथे बॅटरीवर चालणारी गाडी मिळते. ताईंनी रॉसही अर्धंच बघितलं आणि नारळपाणी घेऊन हरणं बघत बसल्या.

परतल्यावर

आराखड्यातला सगळ्यात कमकुवत भाग घरी आल्यावर उघडा पडला. परतल्यानंतरचे दोन दिवस रजेचे होते, आणि धुणं बाहेर लाँड्रीत द्यायचं, असं लिहिलेलं होतं. यजमान दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले. वाळू भरलेल्या कपड्यांचा ढीग बघून ताईंना राहवलं नाही. शिवाय संध्याकाळी शेजारच्या फोटो बघायला आल्या. चहा, चिवडा, सगळं. पुढचे चार दिवस वाईट गेले, अंदमानातल्या कुठल्याही दिवसापेक्षा वाईट.

मला यात नवल वाटलं नाही. प्रवासात घरच्यांनी ताईंची उठबस केली, कारण तिथे स्वयंपाकघरच नव्हतं. उंबरठा ओलांडला की कामं आपल्या जुन्या मालकिणीकडे परत जातात. हा भाग फिजिओथेरपीत बसत नाही, पण मी तो आता वहीत घेते: परतल्यावर पहिलं धुणं कोण लावणार, त्याचं नाव लिहा. 'आपण बघू' चालणार नाही.

सध्या यजमानांच्या डोक्यात लक्षद्वीप आहे. परवाना लागतो, आगत्तीला विमान उतरतं, पुढच्या काही बेटांना बोट. जहाजानं गेलं तर उथळ पाण्यामुळे कित्येक ठिकाणी जहाज लांब थांबतं आणि माणसं हलत्या समुद्रात छोट्या होडीत उतरवतात. ताईंनी या वेळी कागद आणायच्या आधीच बदल्या मोजून आणल्या होत्या, आणि त्या होडीच्या बदलीपुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं. मी तिथे 'विमानानं जाऊन आगत्तीलाच राहिलं तर?' एवढं लिहून कागद परत दिला.